बलदंड मोटार आणि बेताचा पैसा

मनुष्यास वेगाची हौस उपजतच असते. ती पुरविण्यास लागणारा पैसा मात्र थोड्यांच्याच पदरी असतो. त्यामुळे मोटारींच्या शर्यती म्हणजे धनिकांचा खेळ, असा समज सर्वत्र रूढ झाला आणि तो काही अगदीच खोटा नव्हता. अमेरिकेत मात्र एका विशिष्ट जातीच्या मोटारीने या समजास बराच धक्का दिला. तिला तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. मराठीत तिला बलदंड मोटार म्हणावयास हरकत नाही.

या मोटारीची जन्मकथा साधी आहे. १९६४ सालच्या हंगामासाठी पॉन्टियॅक कंपनीने आपल्या मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन बसविले आणि त्या गाडीस ‘जीटीओ’ असे नाव दिले. मूळ इंजिनाची शक्ती ३२५ अश्वशक्ती होती. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात फोर्ड कंपनीची मस्टँग बाजारात आली आणि पहिल्याच वर्षात चार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. शेव्हरोलेची कॅमारो १९६७ च्या हंगामासाठी पुढे आली. मस्टँग व कॅमारो यांना काटेकोर लोक निराळ्या वर्गात घालतात. परंतु हौशी मंडळींच्या बोलण्यात ही सारी एकाच कुळातील भावंडे होत. बेताच्या मिळकतीच्या तरुणासही हप्त्याने घेता येईल अशी ही शक्ती होती.

तथापि शक्ती स्वस्त झाली म्हणजे संयमही स्वस्त होतो, असे नाही. १९६४ च्या त्या जीटीओस चारही चाकांवर ड्रम ब्रेक होते. सरळ पट्ट्यावर पाव मैल धावून जाणे हा अमेरिकेतील लोकप्रिय प्रकार, आणि त्यास असली गाडी शोभून दिसे. पण डावी-उजवी वळणे, चढउतार आणि पुन्हा पुन्हा करावा लागणारा वेगसंकोच असलेल्या मार्गावर तीच गाडी चारदोन फेऱ्यांत हतबल होई. इंजिन गर्जत असे, परंतु पायाखालचा ब्रेक उत्तर देत नसे. या एका उणिवेतच नवशिक्याने शिकावयाचा पहिला धडा साठविलेला आहे.

वळणांच्या मार्गावरील शर्यतींची अमेरिकेतील परंपरा मुळात हौशी लोकांचीच आहे. ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ ही संस्था १९४४ मध्ये स्थापन झाली. १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील वॅटकिन्स ग्लेन या गावी चक्क गावातील रस्त्यांवरून शर्यत धावली. १९५२ च्या शर्यतीत एक गाडी प्रेक्षकांत घुसून एक लहान मूल दगावले, आणि शर्यत गावाबाहेर न्यावी लागली. पुढे १९५६ मध्ये तेथे शर्यतीसाठी स्वतंत्र मार्ग बांधण्यात आला. हौस कितीही निर्व्याज असली तरी तिची किंमत तिऱ्हाइताने देऊ नये, हे तत्त्व त्या बालकाच्या मृत्यूने शिकविले. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणाऱ्यास हौशी म्हणत नाहीत. त्यास बेजबाबदार म्हणतात.

१९६६ मध्ये याच संस्थेने ‘ट्रान्स-ॲम’ मालिका सुरू केली. तिच्या मोठ्या वर्गात इंजिनाचे आकारमान ५ लिटरच्या आत असावे, असा नियम होता. या नियमात बसण्यासाठी शेव्हरोलेने ४ इंच व्यासाचा सिलिंडर व ३ इंचांचा दट्ट्याचा फेरा यांचा मेळ घालून ३०२ घनइंचांचे इंजिन सिद्ध केले आणि ते कॅमारोच्या ‘झी-२८’ या प्रकारात बसविले. मार्क डोनोह्यू या चालकाने त्या गाडीवर १९६८ व १९६९ या दोन्ही वर्षी शेव्हरोलेस विजेतेपद मिळवून दिले. सहा-सात लिटरची इंजिने दुकानात मिळत असता पाच लिटरच्या गाड्यांनी नाव कमावले, ते वळणे आणि ब्रेक यांच्या बळावर. शक्तीस मर्यादा घातली म्हणजे कौशल्यास वाव मिळतो आणि खिशासही विसावा मिळतो, हे त्या मालिकेने दाखवून दिले.

आजच्या नवशिक्यास प्रारंभ कोठून करावयाचा असतो? समजा, ओहायो राज्यातील एखादा शाळामास्तर आहे. त्याच्या घरी जुनी, पाच लिटर इंजिनाची मस्टँग आहे आणि जवळच्या मिड-ओहायो या १९६२ मध्ये सुरू झालेल्या मार्गावर आपणही एकदा धावावे, असे त्याच्या मनात आहे. त्याने आधी इंजिनाची शक्ती वाढविण्यासाठी पैसे खर्च केले, तर ‘पी हळद नि हो गोरी’ या म्हणीतल्या माणसासारखी त्याची गत होईल. त्याच्यापुढे तीन पायऱ्या आहेत आणि त्या क्रमानेच चढावयाच्या असतात.

पहिली पायरी ‘ऑटोक्रॉस’. मोठ्या मोकळ्या मैदानात रबरी शंकू मांडून वळणावळणांचा मार्ग आखतात आणि एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध धावते. घरची रोजची गाडी तपासणीत उतरली की पुरते. चुकीचा दंड म्हणजे शंकू पडतो आणि वेळेत दोन सेकंदांची भर पडते. इतकी स्वस्त चूक पुढे कधीही करावयास मिळत नाही.

दुसरी पायरी शिक्षणाच्या दिवसांची. ‘नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन’सारख्या संस्था खऱ्या शर्यतमार्गावर असे दिवस भरवितात. नवशिक्याच्या शेजारी जाणता शिक्षक बसतो. पुढे जाण्याची मुभा ठराविक सरळ पट्ट्यांवरच असते, आणि तीही पुढच्या चालकाने हाताने खूण केल्यावर. येथे पिवळ्या, तांबड्या, काळ्या निशाणांचा अर्थ, वळणात शिरण्यापूर्वी वेग पुरता आवरण्याची शिस्त आणि वळणाच्या आतल्या बिंदूस स्पर्शून बाहेर पडण्याची रेषा यांचा अभ्यास होतो. तिसरी पायरी शर्यतीचे शिक्षण, परवाना आणि मग प्रत्यक्ष शर्यत.

दुसऱ्या पायरीवर येताच ब्रेकचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे गणित शाळामास्तरास सहज समजण्याजोगे आहे. चालकासह १,५०० किलो वजनाची गाडी ताशी १८० किलोमीटरच्या वेगाने येऊन वळणापूर्वी ताशी ७२ वर उतरली, तर त्या काही सेकंदांत सुमारे १५ लाख ७५ हजार जूल ऊर्जेची विल्हेवाट लावावी लागते. तेवढ्या उष्णतेने साडेचार लिटरांहून अधिक पाणी सामान्य तपमानापासून उकळीपर्यंत तापेल. ही उष्णता बहुतांशी ब्रेकमध्येच जाते, आणि ती एका वळणापुरती नव्हे, तर प्रत्येक फेरीतील प्रत्येक मोठ्या वळणास. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. ब्रेकचे तेल हवेतील दमटपणा शोषून घेते. सामान्य ‘डॉट ३’ जातीच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल धरल्यावर तो १४० पर्यंत उतरलेला चालतो. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय तळाला जाऊनही गाडी थांबत नाही. ताजे, उच्च प्रतीचे तेल, शर्यतीच्या कामाचे ब्रेक पॅड आणि ब्रेककडे थंड हवा नेणारी नळी यांस इंजिनाच्या शृंगारापेक्षा कितीतरी कमी खर्च लागतो. जो शहाणा असतो तो पहिला डॉलर येथे खर्च करतो.

तिसऱ्या पायरीवर दुसरा मोह आडवा येतो. आपली लाडकी गाडीच शर्यतीची करावी, असे प्रत्येकास वाटते. अनुभवी लोक याच्या उलट सांगतात. दुसऱ्याने हौसेने बांधलेली, पोलादी नळ्यांचा पिंजरा बसविलेली गाडी बहुधा तिच्या बांधणीच्या खर्चापेक्षा पुष्कळ कमी किमतीस मिळते. ‘कॅमारो-मस्टँग चॅलेंज’ नावाचा एक वर्ग याच विचाराने निघाला: ओळखीच्या दोन जातींच्या गाड्या, मर्यादित फेरफार आणि मर्यादित शक्ती. ‘अमेरिकन आयर्न’ या वर्गात वजन व अश्वशक्ती यांचे प्रमाण बांधून दिलेले असते, म्हणून अधिक पैसा ओतून अधिक शक्ती विकत घेण्यात लाभ उरत नाही.

काटकसरीची परमावधी पाहावयाची तर २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’ या मालिकेकडे पाहावे. फ्रान्समधील ल मॉन्सच्या विख्यात शर्यतीच्या नावावर केलेली ही कोटी आहे, कारण अमेरिकेत ‘लेमन’ म्हणजे फसवी, निकामी गाडी. गाडीची किंमत ५०० डॉलरांच्या आत असावी, हा तिचा मूळ नियम. परंतु या थट्टेच्या शर्यतीतही सुरक्षेची साधने आणि ब्रेक या मर्यादेतून वगळलेले आहेत. विनोद कोठे थांबावा, हे त्या विनोदी माणसांसही ठाऊक आहे.

सुरक्षेच्या साधनांमागे माणसांच्या प्राणांचा इतिहास आहे. १९५६ मध्ये विल्यम स्नेल नावाचा हौशी चालक शिरस्त्राण कुचकामी ठरल्याने मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ १९५७ मध्ये स्थापन झालेली संस्था शिरस्त्राणांची कसोटी घेते, आणि शर्यतीच्या तपासणीत तिचे चिन्ह पाहिले जाते. डोके व मान आवरून धरणारे ‘हान्स’ हे साधन प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी आपले नातलग व शर्यतपटू जिम डाउनिंग यांच्या साहाय्याने १९८० नंतरच्या दशकात सिद्ध केले. पुष्कळ चालकांनी ते अडचणीचे म्हणून दूर ठेवले. २००१ च्या फेब्रुवारीत डेटोना येथे डेल अर्नहार्ट हा नामवंत चालक कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाने मृत्युमुखी पडला, तेव्हा अनेकांचे डोळे उघडले. त्याच वर्षी नॅसकार संस्थेने आपल्या प्रमुख शर्यतींत अशा साधनाची सक्ती केली. नवशिक्याने या खात्यात जुन्या बाजाराचा आश्रय करू नये.

शेवटी घरच्या जमाखर्चाचा प्रश्न राहतो, आणि तो सर्वांत अवघड आहे. शर्यतीत मोडलेल्या गाडीची भरपाई सामान्य विमा सहसा देत नाही. म्हणून त्या मार्गावर जाणकारांचा एक दंडक आहे: जी गाडी भिंतीवर आपटून तेथेच सोडून घरी परतता येणार नाही, ती गाडी शर्यतीस आणू नये. मुलांच्या शिक्षणाचा पैसा किंवा कर्जाची रक्कम चाकांवर घालून जो उतरतो, तो ब्रेक लावावयाच्या क्षणी गाडीचा विचार करतो, वळणाचा नव्हे. आणि तेथेच चुकतो. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्याचे मन मोकळे असते, आणि मोकळ्या मनाचा पायच ब्रेकवर वेळेत पडतो.

त्या शाळामास्तराने हे सारे पाळले, तर पहिल्या शर्यतीत तो बहुधा शेवटच्या काही गाड्यांत येईल. परंतु संध्याकाळी गाडी मालवाहू गाडीवर चढवून तो धडधाकट घरी पोहोचेल, आणि पुढच्या महिन्याच्या शर्यतीची फी भरण्याची ऐपत त्याच्यापाशी शिल्लक असेल. हौशी शर्यतपटूस याहून मोठे पारितोषिक नाही. बलदंड मोटारीचे बळ कारखान्यातून मिळते; ते आवरण्याची विद्या मात्र ज्याची त्यानेच कमवावी लागते.