चहूकडे पाणी आणि प्यायला आड



इटली देशातल्या व्हेनिस शहराचे नाव तुम्ही ऐकले असेल. पाण्यावर तरंगणारे शहर असे त्याचे वर्णन पुस्तकांतून येते. 2024 सालच्या मे महिन्यात आम्ही उभयतां तिथे तीन दिवस राहून आलो. शहर तरंगत वगैरे नाही, हे आधीच सांगून टाकतो. एका उथळ खाडीतल्या शंभरावर लहान लहान बेटांवर ते वसलेले आहे. बेटाबेटांमधून कालवे गेले आहेत आणि त्यांवर चारशेच्या वर पूल आहेत. मोटार नाही, सायकल नाही, बैलगाडीचे तर नावच नको. भाजी होडीतून येते, कचरा होडीतून जातो, आजारी माणसाला दवाखान्यात होडीच नेते. स्मशानभूमीसुद्धा एका वेगळ्या बेटावर आहे, तेव्हा शेवटचा प्रवासही होडीतूनच.

या गावाला जमिनीशी जोडणारा रेल्वेचा पूल 1846 साली झाला. आम्ही गाडीतून उतरून स्टेशनाबाहेर आलो, तो चार पायऱ्या उतरताच समोर मोठा कालवा! आमच्या मंडळी म्हणाल्या, "अहो, इथे टांगा विचारायचा तो कुणाला?" टांग्याच्या जागी इथे सार्वजनिक बोट असते. आपल्या एस. टी. सारखे तिचे थांबे, तिकिटे आणि ठरलेल्या वेळा.

आता तुम्ही म्हणाल, चिखलावर एवढे वाडे उभे राहिले कसे? तर चिखलात लाकडी खुंट शेजारी शेजारी ठोकायचे, त्यांवर फळ्या, फळ्यांवर दगड आणि दगडावर भिंत. लाकूड कुजत कसे नाही? लाकूड कुजायला हवा लागते. खाली पाण्याने गच्च भरलेल्या गाळात हवा जवळजवळ पोचतच नाही. म्हणून शेकडो वर्षांपूर्वीचे खुंट आजही भार पेलत आहेत.

पण मला सर्वांत नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे, आणि तिकडे लक्ष वेधले आमच्या मंडळींनीच. गावात जागोजाग दगडी फरसबंदीचे चौक आहेत, आणि चौकाच्या मधोमध कोरीव दगडाचा गोल कठडा, वर लोखंडी झाकण. त्या म्हणाल्या, "हा आडच की हो! पण चहूकडे खारे पाणी असताना आडाला गोडे पाणी लागेल कसे?"

प्रश्न अगदी बरोबर होता. या आडाला झरा नाही. चौकाच्या खाली मोठा खड्डा खणलेला असे. खारे पाणी आत झिरपू नये म्हणून त्याला चिकणमातीचा जाड लेप देत आणि तो वाळूने भरत. मधोमध विटांची नळीसारखी विहीर बांधत. चौकाच्या फरसबंदीला हलका उतार दिलेला असे. पावसाचे पाणी दगडी जाळ्यांतून खाली उतरे, वाळूतून गाळले जाई आणि मधल्या विहिरीत जमा होई. म्हणजे सारा चौक हेच पाणलोट, आणि वाळू हीच गाळणी! एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला खाजगी आणि सार्वजनिक मिळून असे सहा हजारांहून अधिक आड या गावात होते.

सार्वजनिक आडांना कुलूप असे. किल्ली वस्तीच्या मुखत्याराकडे. दिवसातून दोनदा घंटा झाली की आड उघडायचा आणि बायाबापड्यांनी घागरी भरून न्यायच्या. पावसाने ओढ दिली तर नदीचे गोडे पाणी होड्या भरून आणावे लागे. 1884 साली जमिनीवरून नळाने पाणी आले आणि आडांचे काम संपले. कठडे मात्र अजून जागच्या जागी आहेत.

आणखी एक गंमत माताभगिनींसाठी. तिथल्या एका संग्रहालयात व्हेनिसचे जुने सोन्याचे नाणे, डुकाट, मांडून ठेवले होते. आमच्या मंडळी काचेला नाक लावून पाहतच राहिल्या. "अहो, ही तर पुतळी!" आणि खरेच तसे आहे. हे नाणे 1284 साली सुरू झाले आणि 1797 साली तिथले प्रजासत्ताक संपेपर्यंत त्याच्या ठशाचे रूप जवळजवळ बदलले नाही. मिरी आणि कापड यांच्या मोबदल्यात ते सोने आपल्या किनाऱ्याला येई. नाण्यावर माणसांच्या आकृती, म्हणून आपण तिला पुतळी म्हटले आणि माळेत ओवले. आजीच्या पुतळ्यांच्या माळेवर गुडघे टेकून बसलेली जी आकृती दिसते, ती व्हेनिसच्या राष्ट्रप्रमुखाची. त्याला डोज म्हणत. समोरचे सत्पुरुष ते संत मार्क, त्या गावचे रक्षणकर्ते. गावचा सर्वांत मोठा चौकही त्यांच्याच नावाचा आहे.

तो चौक सखल आहे, म्हणून मोठ्या भरतीचे पाणी प्रथम तिथे शिरते. 4 नोव्हेंबर 1966 रोजी पाणी ठरलेल्या खुणेच्या वर 194 सेंटिमीटर चढले, आणि 2019 च्या नोव्हेंबरात 187. समुद्र चढतो आहे हे खरेच. पण जमीनही खचली, आणि त्यात माणसाचा हात होता. शेजारच्या कारखान्यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला जमिनीखालचे पाणी बेसुमार उपसले. पुढे उपसा थांबवला, पण खचलेली जमीन काही वर आली नाही. आता खाडीच्या तीन तोंडांशी समुद्राच्या तळाला 78 पोलादी दरवाजे बसवले आहेत. मोठी भरती येणार असली की त्यांत हवा भरतात आणि ते वर उठून समुद्र अडवतात. 3 ऑक्टोबर 2020 रोजी ते प्रथम भरतीसाठी उठले आणि चौक कोरडा राहिला.

पाणी अडले, माणसे मात्र अडली नाहीत. रियाल्टो पुलाजवळ एका औषधांच्या दुकानाच्या काचेत आकडा लावलेला असतो. तो औषधांचा नव्हे, गावात उरलेल्या रहिवाशांचा! 1951 साली जुन्या गावात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहत होती. 2022 साली तो आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. घरे पाहुण्यांना भाड्याने जातात, भाडी वाढतात, आणि तरुण जोडपी जमिनीवर राहायला जातात. जिथे वाण्याचे दुकान होते तिथे मुखवटे विकायला मांडलेले असतात. गर्दीच्या ठराविक दिवशी सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या प्रवाशावर 2024 साली पाच यूरोंची पट्टी बसवली. मुक्कामाला राहणाऱ्यांना ती माफ. पण पट्टीने शाळेत मुले थोडीच येणार? आम्हीही पाहुणेच होतो, त्या गर्दीतली आणखी दोन डोकी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका लहान चौकात चार मुले आडाच्या कठड्याला चेंडू मारीत खेळत होती. तेवढे पाहून बरे वाटले.

शिक्षक मित्रांना एक सुचवतो. व्हेनिसच्या आडाचे चित्र फळ्यावर काढा. उतार, जाळी, वाळू, चिकणमाती, मधली विहीर. मग मुलांना विचारा, आपल्या शाळेच्या छपरावर पडणारा पाऊस जातो कुठे? आणि शेतकरी बंधूंनी दुसरी विंधन विहीर घेण्याआधी एवढे ध्यानात ठेवावे, की चहूकडे पाणी असलेल्या गावानेही गोडे पाणी शेकडो वर्षे कुलपात ठेवले होते.