आमवात : सांध्यांच्या पलीकडे

आमवात म्हणजे केवळ बोटांचे दुखणे, असा सार्वत्रिक समज आहे. आम्हां डॉक्टरांना मात्र निराळेच दिसते. शरीराचे रक्षक सैन्यच येथे घरावर उलटते. सांध्याच्या अस्तराची सूज लगतचे हाड कुरतडते, सांगाडा ठिसूळ होतो. रक्तवाहिन्यांना सूज आली, तर नखांच्या कडेला काळे ठिपके, पायांवर व्रण उमटतात. हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

१९४८ साली अमेरिकेत डॉ. हेंच यांनी कॉर्टिझोन दिले आणि जखडलेली रोगी स्त्री काही दिवसांतच हिंडू लागली. १९५० मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. पण हेच औषध दीर्घकाळ घेतल्यास हाडे पोखरते, हे पुढे ध्यानी आले.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : सकाळी बोटे तासभर आखडत असतील, तर वेदनाशामक गोळ्यांवर दिवस ढकलू नका. हाड कुरतडले जाण्यापूर्वीच डॉक्टरांकडे जा.