उशिरा झालेले निदान आणि आपले कायदेशीर हक्क

(मंडळाच्या राजुरा येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



स्नेहसंमेलनासारख्या आनंदाच्या प्रसंगी आजार आणि कोर्टकचेरी यांची चर्चा काढणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु आपल्या घराघरांतून ऐकू येणारे एक वाक्य आम्हांस आज येथे उभे करीत आहे. 'आधी कळले असते तर माणूस वाचला असता,' असे आपण म्हणतो, नशिबाला बोल लावतो आणि तेराव्याबरोबर विषय संपवितो. जे खरोखर दैवाधीन असते त्यास उपाय नाही. पण जे हयगयीमुळे घडले त्यास कायद्यात उपाय आहे. तो वेळेत केला पाहिजे, एवढेच सांगण्याचा आमचा हेतू आहे.

आपला मुलूख जंगलाचा. हिवताप येथे नवा नाही आणि सिकलसेलचा आजारही पुष्कळ घरांत आहे. दोन्ही रोग दुसऱ्याच रोगाचे सोंग घेऊन येतात. हिवताप मुदतीच्या तापासारखा भासतो, तर सिकलसेलचे दुखणे संधिवात म्हणून अंगावर काढले जाते. म्हणून अशाच एका प्रकरणाची हकीकत प्रथम सांगतो. आपला तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता. तेव्हा हैदराबाद आपणांस परके नाही. हे प्रकरण तेथीलच आहे.

व्ही. किशन राव हे गृहस्थ हिवताप खात्यातच अधिकारी होते. थंडी वाजून मधूनमधून ताप येतो म्हणून त्यांनी २० जुलै २००२ रोजी पत्नीस एका खासगी रुग्णालयात दाखल केले. तेथे मुदतीच्या तापाचे उपचार झाले. प्रकृती ढासळत गेली. २४ जुलैस त्यांना दुसऱ्या रुग्णालयात हलविले तेव्हा नाडी लागत नव्हती, आणि तेथेच त्यांचा अंत झाला. दुसऱ्या रुग्णालयाच्या कागदांत हिवतापाचे निदान होते. जिल्हा ग्राहक मंचाने २ लाख रुपये भरपाई देवविली. राज्य आणि राष्ट्रीय आयोगांनी मात्र निकाल फिरविला. किशन राव खचले नाहीत. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ८ मार्च २०१० रोजी जिल्हा मंचाचा निकाल पुन्हा कायम झाला. प्रत्येक प्रकरणी तज्ज्ञ डॉक्टरची साक्ष आणलीच पाहिजे असे नाही. गुंतागुंतीच्या प्रकरणीच ती लागते, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. सामान्य माणसासाठी हा मोठा आधार होय.

परंतु येथे एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. निदान चुकले म्हणजे डॉक्टर दोषीच, असे कायदा मानीत नाही. साधारण कुशल डॉक्टरने जी तपासणी केली असती ती केली नाही, आणि त्यामुळेच नुकसान झाले, या दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. फौजदारी खटल्यास तर घोर निष्काळजीपणाच दाखवावा लागतो, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात घालून दिला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास नोंदणीकृत डॉक्टरास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु घरच्यांस त्यातून भरपाई मिळतेच असे नाही.

भरपाईचा सोपा मार्ग ग्राहक आयोगाचा. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरविले. फी मालकाने किंवा विमा कंपनीने भरली असली तरी रोगी ग्राहकच ठरतो. खाणीत व सिमेंट कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या बांधवांनी हे ध्यानात ठेवावे. २०१९ च्या नव्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे उपचार नागपुरास वा हैदराबादेस झाले असले तरी आपणांस चंद्रपूर पुरेसे आहे. उपचारांचा मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.

सर्वांना मोफत सेवा देणारे सरकारी रुग्णालय या कायद्याच्या कक्षेत येत नाही. म्हणून तेथे दादच नाही, असे मात्र समजू नये. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये चंद्रिकाबाई नावाच्या बाळंतिणीच्या पोटात शस्त्रक्रियेच्या वेळी टॉवेल राहून गेला. दुखणे व ताप वाढत गेला तरी कारण लवकर उमगले नाही. पोट पुन्हा उघडले तेव्हा टॉवेल सापडला, पण त्या वाचल्या नाहीत. पती अच्युतराव खोडवा यांनी दिवाणी दावा लावला. खालच्या न्यायालयाने दिलेली ३६,००० रुपयांची भरपाई उच्च न्यायालयात रद्द झाली आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा दिली. सरकार जबाबदार ठरले. पण त्यास तेहेतीस वर्षे लागली! सरकारविरुद्ध दाव्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि मृत्यूच्या भरपाईच्या दाव्यासही मुदत दोनच वर्षांची आहे. यास्तव विलंब नको. स्त्रियांस, अनुसूचित जाती-जमातींस व अल्प उत्पन्नाच्या लोकांस विधी सेवा समितीकडून वकील विनामूल्य मिळतो.

डॉक्टरच्या वर्तनाविषयीची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते. तेथे पैसे मिळत नाहीत. दोषी डॉक्टरचे नाव नोंदवहीतून कमी होऊ शकते.

या सर्वांचा पाया एकच, आणि तो म्हणजे कागद. चिठ्ठी, तपासणीचे अहवाल, फिल्म, औषधांची बिले यांतील एकही कागद टाकून देऊ नये. रुग्णालयातील नोंदींची प्रत लेखी मागावी. मागणीपासून ७२ तासांत ती देण्याचे बंधन आहे. त्या नोंदी तीन वर्षेच जपून ठेवण्याचा नियम आहे, हेही विसरू नये. कोणत्या दिवशी काय सांगितले, काय झाले, हे घरातील शिकल्या मुलामुलीने वहीत तारीखवार लिहून ठेवावे. संतापाच्या भरात डॉक्टरच्या अंगावर जाणे, तोडफोड करणे हा २०१० च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यात न्याय्य बाजूही हातची जाते.

शेवटी, बहुसंख्य डॉक्टर रात्रंदिवस राबून आपली माणसे वाचवितात. त्यांच्याविषयी आमच्या मनी आदरच आहे. गेलेले माणूस कोणत्याही निकालाने परत येत नाही, हेही आम्ही जाणतो. पण एका घराने विचारलेला रास्त प्रश्न पुढच्या रोग्याचे रक्त वेळेवर तपासले जाण्यास कारण होतो. आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग आलाच, तर ज्ञातीतील शिकल्यासवरल्या मंडळींनी त्याच्या घरी केवळ सांत्वनास न जाता त्याचे कागद पाहावेत, मुदत मोजावी आणि अर्ज लिहून द्यावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.