चुरमुऱ्यांचा लाडू

लाडू म्हटला की डोळ्यांपुढे बेसन, रवा आणि साजूक तूप उभे राहते. त्या श्रीमंत पंगतीत चुरमुऱ्यांच्या लाडवाला कोणी पाट मांडीत नाही. तरीही त्याच्याएवढी आप्तमंडळी देशात क्वचितच दुसऱ्या लाडवाला असतील. बिहारमध्ये संक्रांतीला तो ‘लाई’ या नावाने घरोघरी वळला जातो, तमिळनाडूत कार्तिकी दीपोत्सवाला ‘पोरी उरुंडै’ म्हणून नैवेद्याला येतो, बंगालात ‘मोआ’ होतो. त्यांतला जयनगरचा मोआ मात्र चुरमुऱ्यांचा नव्हे. तो कनकचूर भाताच्या लाह्यांचा आणि खजुरीच्या नव्या गुळाचा. २०१५ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा नोकरीनिमित्त पाटण्यास वा कलकत्त्यास गेलेल्या मराठी गृहिणीला या लाडवाचे साहित्य शोधीत हिंडावे लागत नाही.

साहित्य तरी काय? पाच वाट्या चुरमुरे, एक वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी भाजून सोललेले शेंगदाणे, मूठभर डाळे, थोडे खोबऱ्याचे काप आणि चमचाभर तूप. भट्टी नको, तळण नको. इतके सोपे असूनही पुष्कळ घरांत हा लाडू पहिल्याच खेपेला फसतो, आणि मग रंगीत वेष्टनातल्या धान्याच्या गोड वड्या दुकानातून येऊ लागतात. ‘पाक गोळीबंद झाला की चुरमुरे घालावेत’, एवढेच सासूने सुनेला सांगितलेले असते. गोळीबंद म्हणजे काय, हे तिच्या बोटांना ठाऊक असते, शब्दांत ते कधी उतरत नाही.

गूळ आणि दोन चमचे पाणी मंद आचेवर ठेवले की प्रथम नुसता रस होतो. पाणी आटत जाते तसा पाक अधिकाधिक तापतो, त्यावर फेस चढतो आणि रंग गडद होतो. आता वाटीभर गार पाण्यात एक थेंब टाकावा. तो विरघळला, तर अवकाश आहे. बोटांनी गोळा होऊन चेंडूसारखा दबला, तर लाडू वळतील, पण उद्या मऊ पडतील. ती गोळी ताटलीवर टाकताच टणकन वाजली, की क्षणही दवडू नये. पुढे गूळ करपतो आणि कडवट लागतो. चिकीचा गूळ मिळाल्यास उत्तम, कारण त्याचा पाक लवकर घट्ट धरतो.

चुरमुरे आधीच कोरडे भाजून कुरकुरीत करून ठेवावेत. तांदूळ तापलेल्या वाळूत फुलवताना त्यातल्या ओलाव्याची एकाएकी वाफ होते आणि दाणा आतून पोकळ होतो. हाच पोकळपणा हवेतली दमट पुन्हा शोषून घेतो. सादळलेल्या चुरमुऱ्यांना कितीही चांगला पाक वाचवू शकत नाही.

पाकात तूप घालून सारे एकत्र केल्यावर हाताशी पाच-सात मिनिटे असतात, म्हणून वळायला दोघांनी बसावे. हात गार पाण्यात बुडवून झटकावेत. चटका कमी बसतो, परंतु पाणी निथळत राहिले तर लाडू चिकट होतो. मिश्रण आवळले, तर पातेले पुन्हा क्षणभर आचेवर धरावे.

दिल्लीच्या कोरड्या थंडीत हे लाडू पंधरवडाभर खुसखुशीत राहतात. मुंबईच्या पावसाळ्यात मात्र ते पूर्ण निवताच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत आणि चार दिवसांत संपवावेत. घरात मुले असली तर ही दुसरी सूचना अनावश्यक ठरते.