सुटी वचने आणि सलग गोष्ट
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘बायबलचा अभ्यास आणि ख्रिस्ती मिशन’. समोर पाहतो तर निम्मे मित्र ख्रिस्ती नाहीत, आणि जे आहेत त्यांना दर रविवारी पाळकसाहेबांचे ऐकावेच लागते. तेव्हा उपदेश करणार नाही. शास्त्रपाठाचा तास आपण सगळ्यांनीच केला आहे. त्या तासाने काय दिले आणि काय राहून गेले, तेवढेच बोलतो.

दिली ती वचने. आठवड्याला एक सुवर्णवचन, मुखपाठ, अध्याय आणि ओवीच्या आकड्यासकट. आमच्या मंडळ्यांत बायबलच्या वचनाला अजून ‘ओवी’ म्हणतात. पाठांतराचे बक्षीस बहुतेक वेळा मागच्या बाकावरच्या एका मुसलमान मित्राने नेले; तो आज इथे आहे आणि हसतो आहे. ती वचने पुढे उपयोगी पडली, नाही असे नाही. दवाखान्याच्या बाकावर, अंत्यविधीच्या वेळी, ती आपोआप ओठांवर येतात. पण ओवी म्हणजे ओवलेली. सुटी काढली की तिचे काहीही करता येते. अमेरिकेत गुलामांच्या मालकांनी ‘धन्याची आज्ञा पाळा’ एवढेच वचन वेगळे काढून गुलामांना शिकवले. त्या गुलामांनी मात्र गोष्ट ऐकली, मिसरातून बाहेर पडलेल्या लोकांची, आणि त्यातून आपली गाणी रचली. पुस्तक एकच होते.

सलग गोष्ट ऐकणे आपल्या मुलखाला नवे नाही. आपल्या जिल्ह्यात नेवाशाला १२९० मध्ये ज्ञानेश्वरी झाली. सप्ताह बसतात, पारायणे होतात, कीर्तनकार पूर्वरंगात विचार मांडतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. हे ओळखले ते गोव्यात आलेल्या एका इंग्रज जेझुइटाने, फादर स्टीफन्सने. १६१६ मध्ये छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त त्याने उत्पत्तीपासून ख्रिस्तापर्यंतची कथा सुमारे ११ हजार मराठी ओव्यांत सांगितली, आधी पहिले पुराण, मग दुसरे. जुना करार वगळून एकदम येशूवर उडी मारली नाही. नगरला अमेरिकन मराठी मिशन आले १८३१ मध्ये. पुढे कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी इथेच ख्रिस्ती कीर्तन उभे केले, टाळ-मृदंगासह. आणि इथल्याच सेमिनरीत शिकवणाऱ्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले. ते अर्धवट ठेवून टिळक १९१९ मध्ये गेले. ज्या लक्ष्मीबाईंना धड शाळाही मिळाली नव्हती त्यांनी त्यात ६४ अध्यायांची भर घालून ते पुरे केले. पाठांतराच्या तासाला हे आपल्याला कुणी सांगितले असते तर बरे झाले असते!

आता ती सलग गोष्ट काय आहे? माझ्या समजुतीप्रमाणे तिची खुंटी उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात आहे. देव अब्राहाम नावाच्या माणसाला घरदार सोडायला सांगतो आणि आशीर्वाद देतो. कशासाठी? त्याच्याद्वारे पृथ्वीवरच्या सर्व कुळांना आशीर्वाद मिळावा म्हणून. निवड एकाची, पण ती सगळ्यांसाठी. पुढचा सारा ग्रंथ हा त्या एका अटीचा इतिहास आहे. ती विसरली जाते, संदेष्टे ओरडून आठवण देतात, लोक पुन्हा विसरतात.

रूथचे पुस्तक घ्या. चार अध्याय. बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर, आणि त्याच घरात दुष्काळ पडतो. एक कुटुंब पोटासाठी मवाबात जाते. पाथर्डी-शेवगावकडच्या मित्रांना हे समजावून सांगायला नको; दिवाळी झाली की ऊसतोडीला निघणाऱ्या गाड्या त्यांनी पाहिल्या आहेत. परमुलखात तिन्ही पुरुष मरतात. म्हातारी नामी परत निघते आणि तिची मवाबी सून रूथ तिला सोडत नाही. बेथलेहेमात ही परकी विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचते. सरवा वेचू देणे ही बवाजाची मेहेरबानी नव्हती, तो नियम होता: शेताच्या कडा कापू नका, खाली पडलेले गोळा करू नका, ते गरिबाचे आणि परक्याचे आहे. हा नियम लेवीय या पुस्तकात आहे, जिथे जानेवारीत बायबल वाचायला घेतलेला प्रत्येक माणूस फेब्रुवारीत अडकतो. आणि ही रूथ पुढे दावीद राजाची पणजी होते. मत्तयाने येशूची वंशावळ दिली तिच्यात तिचे नाव आहे. आपण ती वंशावळ कंटाळवाणी म्हणून ओलांडत होतो.

दुसरा योना. त्याला आपण माशाच्या पोटातच ठेवून दिले. तो देवाने शत्रूच्या शहरात, निनवेला, पाठवलेला माणूस. तुम्ही त्याला मिशनरी म्हणा. तो आधी पळतो, मग जातो, बोलतो, आणि शहर खरोखर ऐकते. तर हा रागावतो! त्याला निनवे वाचायला नको होते. पुस्तक संपते देवाच्या प्रश्नावर, की या शहरातल्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची आणि इतक्या गुराढोरांची मला कीव येऊ नये काय? ज्यांनी चारा-छावणीत दावणीला उभी असलेली जनावरे पाहिली आहेत, त्यांना तो शेवटचा शब्द लागेल. योनाने उत्तर काय दिले, ते लिहिलेले नाही.

‘मिशन’ हा शब्द आज उच्चारला की खोलीतली हवा बदलते. नगरमध्ये त्याचा अर्थ साधा होता: कंपाउंड, दवाखाना, बोर्डिंग, शाळा. सिंथिया फॅरार १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. मुलींना शिकवणे हेच त्यांचे आयुष्य. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते त्यांच्याकडे. पण अहवालात माणसे मोजणारेही मिशनच होते, आणि दुष्काळात धान्याबरोबर धर्म दिला हा आरोपही आमच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. आमची बहुतेक घराणी गावकुसाबाहेरची, महार-मांगांची. माझे मत असे, की भुकेल्याने भाकरी घेतली यात त्याला लाज नाही. लाज असलीच तर ती पंक्तीला बसू न देणाऱ्या गावाला. मात्र भाकरी देऊन हिशेब मागणाराने योनाचे शेवटचे पान वाचले नव्हते, हेही मी म्हणेन.

आणि आमच्या मंडळीबद्दलही बोलतो, रागवू नका. प्रेषितांच्या कृत्यांत दहावा अध्याय आहे. पेत्र रोमी अधिकारी कर्नेल्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकतो आणि त्याचे सोवळे तिथे संपते. लक्ष्मीबाईंचे सोवळे कसे गळाले ते ‘स्मृतिचित्रे’त आहेच. आमच्याकडे हा अध्याय दरवर्षी वाचला जातो, आणि लग्न जमवताना ‘मूळचे कोण?’ हेही दरवर्षी विचारले जाते. जात चर्चमध्ये आली ती चप्पल बाहेर काढून आली, म्हणून तिचा आवाज होत नाही. सुट्या वचनांवर जगणाऱ्या मंडळीला हे सोसते, कारण दहावा अध्याय ही तिच्यासाठी एक वेगळी गोष्ट असते. अब्राहामापासून वाचत आलेल्याला तिथे थांबावेच लागते. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळ्यांनी एकत्र बसावे अशी त्यांची इच्छा होती. तो फार टिकला नाही. तरी मला मिशनचा अर्थ त्यांच्याजवळ अधिक सापडतो.

अभ्यास कसा करावा असे काहींनी आधीच फोनवर विचारले. भाष्यग्रंथ नंतर. आधी उत्पत्ती, निर्गम, रूथ, योना, लूक आणि कृत्ये, याच क्रमाने, मोठ्याने वाचावे, आणि शक्य तर एकट्याने वाचू नये. बरोबर एखादा बिगरख्रिस्ती मित्र असावा. आपण सवयीने ओलांडतो ते प्रश्न तो विचारतो. रूथ वाचायला वीस मिनिटे लागतात. उद्या सकाळी नाश्त्यानंतर आम्ही काही जण आपल्या जुन्या दहावीच्या वर्गात ते वाचणार आहोत. ज्यांची गाडी दुपारची आहे त्यांनी यावे. आणि बक्षीसवाल्या मित्रा, पहिला अध्याय तू वाचायचा आहेस.