पक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर



बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात असे आपण म्हणतो. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात एका उकिरड्याचे पांग असे फिटले, की त्यावर सरकारचा खजिना चालू लागला. चाळीस वर्षांत तो उकिरडा संपलाही.

पेरूच्या किनाऱ्याजवळ चिंचा नावाची तीन लहान बेटे आहेत. (नावावर जाऊ नका, तेथे गवताची काडी दिसत नाही.) भोवतालच्या थंड समुद्रात अँकोव्ही जातीची मासळी अमाप. ती खाणारे पाणकावळे व पेलिकन लाखोंनी बेटांवर वस्ती करतात. पाऊस जवळजवळ पडतच नाही. त्यामुळे विष्ठेतील नत्र वाहून न जाता हजारो वर्षे थरावर थर चढले, काही ठिकाणी दीडशे फूट. हेच ग्वानो खत. चांगल्या ग्वानोत दहा ते चौदा टक्के नत्र असते, शिवाय स्फुरद. आपल्या शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का.

इंका राजांच्या काळीही हे खत शेतीला वापरीत. पण विणीच्या हंगामात बेटावर पाऊल ठेवणाऱ्यास देहदंड होता, असे जुन्या इतिहासकारांनी लिहिले आहे.

१८०४ साली हंबोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने ग्वानोचे नमुने युरोपात नेले आणि १८४० पासून जहाजे भरभरून जाऊ लागली. खोदाईला चिनी मजूर आणले. त्या धुळीत किती मेले याची गणती कोणी ठेवली नाही. पेरू सरकारचे निम्म्याहून अधिक उत्पन्न यातूनच येऊ लागले आणि त्याच्या भरवशावर कर्जेही काढली गेली. १८६४ साली स्पेनने बेटेच बळकावली होती. १८७४ च्या सुमारास चिंचा बेटे खडकापर्यंत खरवडून झाली. १८७६ साली कर्जफेड थांबली.

पक्ष्यांची विष्ठा पडतच होती. पण वर्षाला साठते किती आणि उचलतो किती, हा हिशेब कोणी घातला नाही. विंधन विहिरीच्या बाबतीत आपण तरी तो कोठे घालतो?

१९०९ साली पेरूला जाग आली. बेटांवर राखणदार नेमले, पाळीपाळीने बेटे बंद ठेवली. १९५० च्या दशकात पक्षी दोन कोटींच्या वर गेले. पुढे लोभ मासळीवर वळला. कोंबडीखाद्यासाठी १९७० साली एक कोटी वीस लाख टनांवर मासळी काढली. १९७२ साली एल निनोमुळे समुद्र तापला आणि १९७३ साली हाती आली वीस लाख टनांच्या आसपास. ते बहात्तर साल आपल्याकडील वडीलधाऱ्यांनाही चांगले आठवते.

नत्र आता कारखान्यात हवेतून मिळते. स्फुरद व पालाश मात्र खाणीतूनच काढावे लागतात, आणि पालाशयुक्त खते आपला देश जवळजवळ सगळी बाहेरून आणतो. म्हणून आपल्या उकिरड्याकडे एकवार पाहा. पेरूत पाऊस नव्हता म्हणून नत्र टिकले. आपला उघडा ढीग मृगाच्या पहिल्या सरीतच धुपतो. खड्डा भरताच तो शेणमातीने लिंपून घ्यावा. जनावरांच्या मूत्रात नत्र व पालाशाचा मोठा भाग असतो आणि तो गोठ्याच्या मोरीतून वाहून जातो. गोठ्यात पाचट किंवा कोरडी माती पसरावी, ती भिजली की रोज उचलून खड्ड्यात टाकावी.