शेवटच्या औषधाची शिल्लक
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रात माझा अधिकार नाही. तथापि ‘एवढी महागडी औषधे देऊनही गुण का येत नाही?’ हा नातेवाइकांचा प्रश्न बिलाच्या वेळी माझ्यासमोर येतो. डॉक्टरांकडून समजून घेतलेले त्याचे एक उत्तर आपणांपुढे ठेवतो.

क्लेब्सिएला, ई. कोलाय यांसारख्या जिवाणूंना एक बाह्य आवरण असते. त्यावर ऋण विद्युतभार असतो, तर कोलिस्टिन या औषधाच्या रेणूवर धनभार. या आकर्षणामुळे औषध आवरणाला चिकटते, ते भेदते आणि जिवाणू मरतो. मूत्रपिंडास अपाय होत असल्याने १९७० च्या दशकात हे औषध मागे पडले होते. पुढे इतर प्रभावी प्रतिजैविके निष्फळ ठरू लागली, तेव्हा अखेरचा उपाय म्हणून ते परत आले.

जिवाणूंनी त्यावरही तोड काढली. आवरणातील ‘लिपिड ए’ या घटकाला ते धनभार असलेला एक लहानसा रासायनिक गट जोडतात. ऋणभार घटतो आणि औषधाची पकड सुटते. हे सामर्थ्य देणारे ‘एमसीआर-१’ हे जनुक चीनमध्ये डुकरे, मांस व रुग्ण यांच्यातील जिवाणूंत आढळल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. ते एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, ही अधिक चिंतेची बाब. पशुपालनातील कोलिस्टिनचा वापर त्याच्या प्रसारास कारणीभूत मानला गेला. भारत सरकारनेही जुलै २०१९ मध्ये कोंबड्या व इतर खाद्यपशूंसाठी या औषधावर बंदी घातली.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर प्रतिजैविके हे समाजाचे मुद्दल आहे. नवी भर अल्प; म्हणून उधळपट्टी परवडणारी नाही. आप्तेष्टांना विनंती, की सर्दी-पडशासाठी प्रतिजैविकाचा आग्रह धरू नये आणि रुग्णाला भेटण्यापूर्वी व भेटीनंतर हात धुवावेत. कल्चर तपासणीच्या अहवालानंतर डॉक्टरांनी औषध बदलले वा थांबविले, तर तो हलगर्जीपणा समजू नये.

देणगीदारांना एवढेच सांगणे, की खाटेवर वा यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. हात धुण्याच्या बेसिनवर किंवा कल्चरच्या काचपात्रावर नाव लावण्याची इच्छा कोणी व्यक्त करीत नाही. परंतु शेवटचे औषध शिल्लक राहील, ते तेथेच केलेल्या खर्चामुळे. आपल्या दानाचा काही वाटा या कामी यावा, ही नम्र प्रार्थना.